पाठ टेकेपर्यंत

मी भैरूला अकरा वर्षं मारलं. हंगामाचे सहा महिने, आठवड्यातून चार वेळा, पाच-सहाशे माणसांसमोर. आसुडानं मारलं, लाथांनी मारलं, लाकडी तलवारीच्या मुठीनं मारलं. घोटावड्याच्या प्रयोगात माझ्या हातून त्याचा पुढचा दात पडला. पडदा पडल्यावर तो दात त्याने स्वतःच फळ्यांच्या फटीतून शोधून काढला, धुतला आणि मला दाखवून म्हणाला, "मास्तर, आज आवाज चांगला आला."

आमची नाटक मंडळी पौडची. जयसिंगराव मालक आणि मी नायक. आमचं गाजलेलं नाटक एका किल्लेदाराचं होतं. शेवटच्या अंकात किल्लेदार दरोडेखोरांच्या म्होरक्याला पकडतो, आसुडानं फोडून काढतो, खाली पाडतो आणि छातीवर पाय देऊन त्याचं मुंडकं उडवतो. किल्लेदार मी, म्होरक्या भैरू. मुंडकं उडवायच्या वेळी भैरू गळ्याशी लपवलेली गुलालपाण्याची पिशवी दाबायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसांच्या अंगावर लाल शिंतोडे उडायचे. माणसं त्यासाठीच पुढं बसत.

आसूड मात्र खरा होता. खोटा वापरून पाहिला, पण प्रेक्षकांना लगेच कळलं. मागून कोणीतरी ओरडलं की म्होरक्या काय मालकाचा जावई आहे का? त्या दिवसापासून भैरूनेच खरा आसूड आणला, त्याच्या स्वतःच्या बैलांचा. पाठ कशी द्यायची, श्वास कधी सोडायचा, पडताना खांदा आधी कसा टेकायचा, हे त्यानेच मला शिकवलं. मारणाऱ्याला मार खाणाऱ्याने शिकवावं लागतं, हे नाटकात असलेल्यांनाच ठाऊक असेल. तो जमिनीवर पडे तेव्हा समोरच्या बायका मला शिव्या देत आणि पुरुष शिट्ट्या मारत. भैरू डोळे मिटून पडलेला असे आणि फक्त मला ऐकू जाईल असं म्हणे, "जोरात, मास्तर. मागच्यांना दिसत न्हाई."

भैरू माल्याचा. पौडहून मुळशीकडे जाताना लागतं ते माले. घरची दोन भाताची खाचरं आणि एक भांडखोर चुलता. भैरू नऊ वर्षांचा असताना खाचरातलं पाणी कोणी आधी घ्यायचं यावरून त्या चुलत्याने त्याच्या बापाच्या कपाळात खोऱ्याचा घाव घातला. बाप जगला, पण पुढं त्याला डाव्या डोळ्याने दिसलं नाही. बापाने मुलाला तालमीत घातलं ते त्यानंतर. तालीम कुशाबा वस्तादांची. वस्तादांचा एकच कायदा होता: समोरच्याची पाठ मातीला टेकेपर्यंत हात सोडायचा नाही.

हा कायदा भैरूने एकदा मोडला. कोळवणच्या जत्रेत सोळा वर्षांच्या भैरूने समोरचा गडी गुडघ्यावर आणला, गडी हसला, आणि झालं असं समजून भैरूने पकड ढिली केली. गडी उठला आणि डोक्याने भैरूचं नाक फोडलं. नंतर चितही केलं. तालमीत परतल्यावर कुशाबांनी भैरूला खांबाला बांधलं आणि ओल्या दोराने मारलं, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. प्रत्येक फटक्याला विचारत, कधी सोडायचं? भैरूने म्हणायचं, पाठ टेकल्यावर. म्हातारपणीसुद्धा भैरूचं नाक डावीकडे कललेलं होतं, आणि हे सांगताना त्याचा हात आपोआप पाठीवर जायचा.

त्याची बायको सारजाबाई. अकरा वर्षांत तिने आमचा एकही प्रयोग पाहिला नाही. पौडला खेळ असला तर भाकरी बांधून द्यायची, पण मांडवाच्या आत पाऊल टाकायची नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घरधन्याचा मार बघायला कोन येतंय? ज्या दिशी ते मारत्याल, त्या दिशी येईन म्या."

भैरूच्या मनात तेव्हापासून किल्लेदार व्हायचं होतं. पगारासाठी नाही, टाळ्यांसाठीही नाही. सारजाबाईने एकदा पुढच्या रांगेत बसावं, एवढ्यासाठी. मालकाकडे त्याने तीनदा विषय काढला. जयसिंगराव त्याच्या वाकड्या नाकाकडे बोट दाखवून हसायचे.

सत्तावन्न सालचा हंगाम आम्हाला फार चांगला गेला. त्या काळात वेलजीशेठ नावाचे एक कच्छी व्यापारी आमच्या डोंगरातला हिरडा विकत घ्यायला पौडला येत. नाटकाचे वेडे. त्यांचं मूळ घर कच्छात, मांडवी बंदराला. चैत्राच्या जत्रा संपल्या तेव्हा त्यांनी सगळ्या मंडळींना आपल्या घरी बोलावलं. म्हणाले, तुम्ही जन्मभर दुसऱ्यांची करमणूक करता, पंधरा दिवस स्वतःची करा. आम्ही अकराजण मुंबईहून बोटीने निघालो. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्रच पाहिला नव्हता. भैरू तर दोन दिवस कठड्याला धरून उभा होता. त्याला धरणाचं पाणी माहीत होतं, पण या पाण्याला पलीकडचा काठ नाही हे त्याला पटेना.

मांडवी कशी होती, काय सांगू? एका बाजूला निळा समुद्र, दुसऱ्या बाजूला नुसतं ऊन, काटेरी झुडपं आणि वाळूचं रान. आमच्याकडे जमीन हिरवी आणि आभाळ काळं, तिथं जमीन पांढरी आणि आभाळ इतकं निळं की डोळे दुखावेत. नदीच्या तोंडाशी लाकडी गलबतं उभी होती, आमच्या पौडच्या देवळाहून उंच. पावसाळा जवळ आल्यामुळे मस्कतहून, आफ्रिकेहून खलाशी घरी परतले होते आणि गाव माणसांनी भरलं होतं. बायकांच्या काचोळ्यांवर आरशांचे तुकडे शिवलेले. त्या उन्हातून चालत आल्या की अंगावर काजवे बसल्यासारख्या चमकत. आम्ही सकाळी पाण्यात डुंबायचो, दुपारी बाजरीचा रोटला, गूळ-तूप आणि तांब्या-तांब्याने ताक, संध्याकाळी उंटावर बसून वाळूवरून फेरी. आमचे पेटीवाले उंटावरून पडले आणि दोन दिवस उताणे झोपू शकले नाहीत. भैरू वाळूवर तासन् तास बसे, मुठीत वाळू घेई आणि सोडी. मला म्हणाला, "मास्तर, अशी मऊ माती आखाड्याला पायजेल हुती. पडलेलं कळायचं बी न्हाई."

दहाव्या दिवशी समुद्रकाठच्या एका दर्ग्याचा मेळा होता. ढोल, सनया, मिठाईची पालं आणि मधे वाळूवर माणसांचं रिंगण. तिथं त्यांच्याकडची कुस्ती चालली होती. मलाखडा म्हणतात. दोघांच्याही कमरेला पिळलेलं कापड बांधायचं, एकमेकांच्या कापडात हात घालायचे आणि पाडायचं. मी सुरुवातीपासून बघत होतो. भैरू मात्र उशिरा आला, कारण तो वेलजीशेठच्या घरी पाणी भरून देत होता. पाहुणा म्हणून नुसतं बसून खाणं त्याला जमत नसे.

मी पाहिलेल्या दोन्ही कुस्त्यांत एक गडी वाळूवर कुशीला पडला, ढोल थांबला, पडलेल्याने हात वर केला, जिंकलेल्याने त्याला ओढून उठवलं आणि दोघांनी मिठी मारली. मला वाटलं, आपल्याकडे जत्रेत आधी पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लावतात, तशातलं काही असेल. खरी अजून व्हायची आहे. त्यांचा खेळ तिथंच संपतो, पडला म्हणजे पडला, पाठ टेकण्याशी त्यांना काही देणंघेणं नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. वेलजीशेठनी सांगितलं नाही, कारण त्यांना वाटलं यात सांगण्यासारखं काय आहे. आम्ही विचारलं नाही, कारण आम्हाला वाटलं कुस्ती ती कुस्ती.

मग सिराज रिंगणात आला. तिशीचा खलाशी, उंच, सडसडीत, हात डोलकाठीच्या दोरांसारखे. गलबताच्या सर्वांत उंच काठीवर चढून शीड सोडायचं काम त्याचं. त्याला पाडणारा त्या किनाऱ्यावर तीन वर्षं कोणी निघाला नव्हता. तो रिंगणात फिरला आणि हसून आमच्याकडे हात केला. वेलजीशेठ जयसिंगरावांना म्हणाले की पाहुण्यांत कोणी आहे का, विचारतोय.

जयसिंगराव पेटले. भैरू नुकताच येऊन माझ्यामागे उभा राहिला होता. मालक त्याच्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भैरू, ही कुस्ती मार. पुढच्या हंगामात किल्लेदार तुझा."

भैरूने माझ्याकडे पाहिलं. भूमिका माझी होती. माझे गुडघे तेव्हा दुखायला लागले होते आणि अकरा वर्षांचं देणं डोळ्यांपुढे होतं. मी म्हणालो, "दिला."

तो सदरा काढत होता तेव्हा त्याची पाठ उघडी पडली. माझ्या आसुडाचे वळ बघून रिंगणातली माणसं कुजबुजली.

कुस्ती फार चालली नाही. सिराजने पहिल्याच हिसक्याला भैरूला एका पायावर आणलं. दुसऱ्या हिसक्याला भैरूचा गुडघा वाळूपासून वीतभर राहिला. भैरूच्या मानेच्या शिरा टरारल्या, तोंडातून फेस आला. सिराजचं कोपर त्याच्या ओठावर बसलं आणि रक्त हनुवटीवरून छातीवर ओघळलं. मग भैरूने कंबर आत घातली आणि त्या उंच माणसाला आपल्या पाठीवरून फेकलं. सिराज कुशीवर आपटला. ढोल थांबला.

यापुढचं मी लाख वेळा डोळ्यांपुढे आणलं आहे. सिराजने अंग सैल सोडलं. तो हसला. आणि उठवून घेण्यासाठी त्याने उजवा हात वर केला.

भैरूला तो हसणारा गडी आणि ढिली पडलेली पकड माहीत होती. कोळवणला पाहिली होती. त्याने तो वर आलेला हात धरला, मनगटापासून पिळला, खांद्याच्या सांध्यावर आपला गुडघा रोवला आणि सिराजला उताणं करण्यासाठी सगळं वजन टाकलं. सिराज ओरडला. भैरूला वाटलं, गडी पाठ देत नाही. त्याने आणखी जोर लावला. वाळलेला बांबू मोडावा तसा आवाज आला, एकदा कोपरातून आणि एकदा खांद्यातून. पाठ टेकली. भैरू उठला, दोन्ही हात वर केले आणि हसत आमच्याकडे पाहिलं. त्याचे दात रक्ताने माखले होते.

कोणीच टाळी वाजवली नाही.

मग रिंगण मिटलं. उंटांच्या काठ्या, दगड, बुक्के, गलबतांच्या फळ्या ठोकायचा एक लाकडी हातोडाही मी पाहिला. माझ्या कानशिलावर काठी बसली आणि मी वाळूत तोंडावर पडलो. आमचे लोक वाट फुटेल तिकडे पळाले. जयसिंगराव एका उलट्या घातलेल्या होडीखाली शिरले. भैरू अजून उभाच होता. माणसं त्याला मारत होती आणि तो मला शोधत होता. "काय झालं, मास्तर? काय चुकलं?" असं विचारत होता. डोक्यावर हातोडा बसला तेव्हा तो खाली गेला. पण आमच्या फळ्यांवर पडायचा तसा खांदा टेकून नाही. माती ढासळावी तसा गेला.

त्यांना थांबवलं ते हाजी ओसमान नावाच्या म्हाताऱ्या नाखव्याने. सिराज त्याच्याच गलबतावर होता. तो नुसता येऊन भैरूच्या अंगावरून पाय टाकून उभा राहिला. एक दगड त्याच्या खांद्याला लागला आणि त्यानंतर कोणी दगड मारला नाही. त्याने वेलजीशेठना बोलावलं आणि पडलेल्या माणसाला का मारलंस, एवढंच भैरूला विचारायला सांगितलं.

भैरूचा एक डोळा सुजून मिटला होता. तो म्हणाला, "त्याची पाठ टेकली नव्हती."

वेलजीशेठनी ते सांगितलं. त्यावर हाजी जे बोलला ते वेलजीशेठनी आम्हाला हलक्या आवाजात सांगितलं: आमच्याकडे माणूस एकदाच पडतो. नंतर त्याला उठवायचं असतं.

भैरूला तेव्हा समजलं. मी त्याचा चेहरा पाहत होतो. आसूड खाताना कधी झाला नव्हता तसा झाला.

हाडवैद्याने सिराजचा हात फळ्यांत बांधला. पावसाळ्यानंतर काठीवर चढता येईल का, विचारलं तेव्हा वैद्य आपली पिशवी उचलून निघाला. मेळ्यानंतरच्या सकाळी भैरू लंगडत सिराजच्या दारात जाऊन बसला. सिराजची आई बाहेर आली आणि तिने त्याला पायातल्या चपलेने मारलं, हात थकेपर्यंत. तो बसून राहिला. दुसऱ्या दिवशीही तिने मारलं. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली, त्याच्याकडे पाहिलं, आत गेली आणि त्याच्यापुढे एक रोटला टाकला. पावसाळ्यासाठी समुद्र बंद व्हायच्या आधीची शेवटची बोट त्याच दिवशी होती. मी त्याला न्यायला गेलो. तो म्हणाला की त्या घरात पाणी भरायला आता कोणी गडी नाही. सारजाला सांगा, दिवाळीला येतो.

असा आमचा सहलीचा पंधरवडा संपला. अकराजण गेलो, दहाजण परतलो. माल्याला जाऊन सारजाबाईला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिने सगळं ऐकलं आणि त्या माणसाला बायको-पोरं आहेत का, एवढंच विचारलं. आहेत म्हटल्यावर म्हणाली, मग ऱ्हाऊ द्या तितं.

भैरू दिवाळीच्या दोन दिवस आधी आला. काळा पडलेला, बारीक झालेला. चार महिने त्याने सिराजच्या जागी गलबतांच्या कामावर लाकडं वाहिली होती, पाणी भरलं होतं. सिराज बांधलेला हात घेऊन त्याच्याशेजारी बसायचा. एकमेकांची भाषा दोघांना येत नव्हती. शेवटी शेवटी सिराजने त्याला एका हाताने मलाखडा शिकवला, म्हणजे कुठं थांबायचं ते. हात जुळला, पण वाकडा. खांद्याच्या वर जाईना. गलबत मस्कतला निघालं तेव्हा सिराज काठीवर नव्हता, खाली चुलीपाशी स्वयंपाकी म्हणून होता. हे सांगताना भैरू माझ्याकडे बघत नव्हता.

जयसिंगराव शब्दाचे पक्के. किल्लेदार भैरूला दिला. म्होरक्या मी झालो. मला वाईट वाटलं नाही, खरंच. मला एकदा त्या फळ्यांवरून वर बघायचं होतं. पहिला खेळ पौडला बाजाराच्या दिवशी, दुपारचा ठेवला. मांडव फुटेल इतकी गर्दी. पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून, सारजाबाई.

पहिले तीन अंक भैरूने असे केले की मी विंगेत उभा राहून रडलो. मग शेवटचा. आसुडाचा भाग आला. त्याने दोन फटके जमिनीवर मारले. लोक हसले, त्यांना वाटलं खेळवतोय. मग त्याने मला पाडलं. मी त्यानेच शिकवल्याप्रमाणे खांद्यावर पडलो, कुशीला, आणि छातीवर पाय येण्याची वाट पाहू लागलो. गळ्याशी गुलालपाण्याची पिशवी धरून ठेवली होती.

पाय आला नाही. मी डोळे उघडले. भैरूने तलवार खाली ठेवली होती आणि हात पुढे केला होता.

मी पुटपुटलो, "भैरू, मुंडकं."

तो म्हणाला, "उटा, मास्तर. पडलायसा तुमी."

मी त्याचा हात धरला. दुसरं काही सुचलं नाही. आणि तिथं मांडव पेटला. "मार त्येला" म्हणून मागून आरोळी उठली. आधी नारळाची करवंटी आली, मग दगड. पहिला दगड भैरूच्या भुवईवर बसला आणि रक्ताची धार माझ्या तोंडावर पडली, खरी, गुलालाची नाही. माणसं फळ्यांवर चढली. बाजारातून आणलेल्या काठ्या, बैलांचे कासरे, जे हाती लागलं ते. भैरू माझ्यावर वाकला, हात-पाय आखडून घेतले आणि सगळं आपल्या पाठीवर घेतलं. मी त्याच्या पोटाखाली होतो. प्रत्येक फटक्याला त्याचा श्वास कसा सुटतो ते मला तेव्हा प्रथम कळलं.

पडदा फाटला, खांब पडला आणि कोणीतरी फौजदार आला म्हणाल्यावर माणसं पांगली. मालकांनी सांगायच्या आधीच भैरूने पागोटं आणि तलवार त्यांच्या पायाशी ठेवली. तो पुन्हा कधी फळ्यांवर चढला नाही. पुढं माल्याच्या जत्रेत त्याला पंच म्हणून बोलावलं, तेही एकदाच. गडी गुडघ्यावर आला की तो कुस्ती सोडवायचा आणि दोघांना मिठी मारायला लावायचा. लोकांनी त्याला हाताला धरून रिंगणाबाहेर नेलं.

खेळ मोडला त्या दिवशी संध्याकाळी मी नदीवर गेलो तेव्हा सारजाबाई त्याला दगडावर बसवून भुवई धूत होती. नव्या लुगड्याचा पदर तिने फाडला होता. मला बघून ती थांबली नाही.

"एवढं नटून आले," ती त्याला म्हणाली, "आन् आज बी मारच खाल्ला तुमी."

"व्हय," भैरू म्हणाला. "पर दिला न्हाई."

तिने पट्टी आवळून बांधली. तो कळवळला. मग तिने त्याच्याकडे हात केला आणि त्याला उठवलं.